८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड तपासताना सरासरी एफपीएसवर जाऊ नका

मधल्या किमतीच्या कार्डांत आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही नेहमीची नावे. दोन्हींत ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि दोन्ही पीसीआयई ४.० च्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेनवर चालतात. १०८०पी रिझोल्यूशनला ती सरासरी किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) देतात, हे कुठेही वाचायला मिळते. ती धापा कुठे टाकतात, हे त्या आकड्यातून कळत नाही. चाचणी करायची ती तेवढ्यासाठी.

आधी घर आवरून घ्या. जुने कार्ड दुसऱ्या कंपनीचे असेल तर इंटरनेट बंद करून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा आणि डीडीयू या सफाईच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर काढा. नेट चालू राहिले तर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळे होते. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंगे) चालू. रॅमच्या दोन काड्या ड्युअल चॅनेलच्या स्लॉटमध्ये आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग) चालू आहे ना, तेही बघा. एकाच काडीवर चालणारा पीसी कार्डाचा दोष नसताना कार्ड बदनाम करतो.

जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ पाहा; पीसीआयईची लिंक तिथे दिसते. कार्ड निवांत असताना तिथे १.१ दिसते, त्याने घाबरू नका, शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा आणि मग वाचा. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर ३.० ची लिंक आठच लेनवर मिळेल. म्हणजे एका दिशेने सेकंदाला सुमारे ८ जीबी, ४.० च्या निम्मे. व्हीरॅम पुरते तोवर हा फरक किरकोळ; ती भरली की हाच फरक अंगावर येतो.

मोजायला कॅपफ्रेमएक्स हा प्रोग्राम घ्या. वेळ ६० सेकंद ठेवा, एफ११ ने सुरू करा, प्रत्येक दृश्य तीनदा मोजा. पडद्यावर आकडे हवेत तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर. व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारे सेटिंग), फ्रेम लिमिट आणि डायनॅमिक रिझोल्यूशन बंद. फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच बनवून घालणे) बंदच. त्याने आकडा फुगतो, माउसला प्रतिसाद मात्र तितका जलद होत नाही.

गेम म्हणून सायबरपंक २०७७ चांगला, पण त्यात एक गोम आहे. तयार प्रीसेट निवडला की अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणे) आपसूक चालू होते, त्यामुळे प्रीसेटनंतर ते हाताने बंद करा. आतला बेंचमार्क (गेममधली तयार चाचणी) जेमतेम मिनिटभराचा आहे. दोन सेटिंगांची तुलना करायला तो ठीक. निकाल द्यायला अपुरा. त्यापेक्षा गेमच्या फँटम लिबर्टी या विस्तारातल्या डॉगटाउन भागात ठरावीक रस्त्याने, ठरावीक वेगाने चाला. ब्लॅक मिथ वुकाँगचे बेंचमार्क टूल स्टीमवर फुकट आहे आणि कार्डाला चांगलेच राबवते, पण त्यात लढाई नाही, हे ध्यानात ठेवा.

पहिली फेरी नेहमी टाकून द्या. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना येणारे धक्के कार्डाच्या माथी मारू नयेत. मग निदान वीस मिनिटे खेळा, एकदोनदा दुसऱ्या भागात जाऊन या आणि त्यानंतरच रेकॉर्डिंग करा. व्हीरॅम हळूहळू भरते. ताज्या सुरू केलेल्या गेममध्ये ८ जीबीचे कार्ड हमखास शहाण्यासारखे वागते.

आता सरासरी का फसवते ते पाहा. ६० एफपीएसवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात. एका मिनिटात २०० मिलिसेकंदांचे दहा धक्के बसले, तर दोन सेकंद वाया गेले. उरलेल्या ५८ सेकंदांच्या ३४८० फ्रेम आणि धक्क्यांच्या दहा, मिळून ३४९०. सरासरी ५८! कागदावर काहीच बिघडलेले नाही. खेळणारा मात्र वैतागलेला. म्हणून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख आणि १ टक्का लो (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमची सरासरी) हे आधी पाहा.

धक्के व्हीरॅममुळेच आहेत का, हे टास्क मॅनेजरमधल्या शेअर्ड जीपीयू मेमरीवरून कळते. डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) मेमरी ८ च्या जवळ टेकलेली आणि शेअर्ड चढत चाललेली असेल, तर कार्ड साध्या रॅममधून माल आणते आहे. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते आणि हा बाहेरचा रस्ता जेमतेम १६. फक्त टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) एक पायरी उतरवा, बाकी काही हलवू नका. धक्के गेले तर निदान पक्के. सायबरपंकमध्ये हे सेटिंग मुख्य मेन्यूतूनच बदलते. काही गेम धक्के देतच नाहीत, गुपचूप धुरकट टेक्स्चर दाखवतात. हॉगवॉर्ट्स लेगसीतल्या भिंती पाहताना डोळे उघडे ठेवा, कारण ही लबाडी आलेखात येत नाही.

जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर ९५ टक्क्यांखाली रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. एफपीएस वाढले नाहीत, तर अडवतोय तो प्रोसेसर. सायबरपंकमध्ये अशा वेळी क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी केली की फरक दिसतो.

खोलीचे तापमान प्रत्येक निकालाशेजारी लिहून ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यातला आकडा आणि डिसेंबरातला आकडा शेजारीशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान) आणि क्लॉक (चिपचा वेग) दोन्ही नोंदवा. तापमान चढताना क्लॉक उतरत असेल, तर कॅबिनेटची बाजू उघडून तेच दृश्य पुन्हा मोजा. सुधारले तर पैसे कार्डावर नको, पंख्यांवर घाला.