बागेत चार मेंढ्या ठेवायच्या असतील तर

आंब्याच्या बागेत ऑगस्टपर्यंत गवत गुडघ्याच्या वर जातं. कापायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि तणनाशक मारावं तर शेजारच्या सोयाबीनवाल्याशी वाद. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात नोकरी सांभाळून दोन-चार एकर माळ राखणारे आमच्यासारखे लोक मेंढ्यांकडे वळतात ते यामुळं. धंदा म्हणून मेंढीपालन ही वेगळी गोष्ट. मी सांगतोय ते फक्त गवत आटोक्यात ठेवायला पाळलेल्या चार-सहा मेंढ्यांबद्दल.

शेळ्या का नकोत? शेळी मागच्या पायांवर उभी राहून कलमाचे शेंडेच आधी खाते. मेंढी मान खाली घालून चरते. तरी लहान कलमांजवळ तिलाही मोकळं सोडू नका, खालचा पाला ओरबाडते, साल कुरतडते. कलमाला जाळी लावा किंवा तो तुकडा वगळा.

एकटी मेंढी कधीच आणू नका. ती दिवसभर ओरडते आणि चरणं सोडते. निदान तीन-चार तरी हव्यात. जास्तीत जास्त किती, हे ऑगस्टचं गवत बघून नव्हे तर एप्रिलचा माळ बघून ठरवा. पावसाळ्यात दहा मेंढ्यांनाही न संपणारी बाग उन्हाळ्यात तिघींना पुरत नाही. मग भुईमुगाचा पाला, सोयाबीनचा भुसा, शेवरी असं विकत घ्यावं लागतं, आणि गवतासाठी आणलेल्या मेंढ्यांना आपणच चारा घालत बसतो. त्यापेक्षा कमी आणा. उरलेलं गवत सुगीनंतर कुणा धनगराची बकरी (इकडं मेंढ्यांच्या कळपालाच बकरी म्हणतात) दोन रात्री बसवलीत तर संपेल, वर लेंडीखतही मिळेल.

जात कुठली घ्यायची यावर लोक फार वेळ घालवतात. आटपाडीच्या बाजारात मडग्याळी मेंढ्यांना लाखांच्या बोली लागतात, ते ऐकून डोकं फिरतं. जनावर देखणं आहे, उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाचं, पण गवत खायला ती हौस कशाला? साधी काळी दख्खनी मेंढी काटक असते, मिळेल ते खाते. त्यातही मेंढा ठेवू नका. धडका मारतो, आणि पाच महिन्यांनी कोकरांची जबाबदारी अंगावर येते. नुसत्या माद्या किंवा खच्ची केलेले नर सगळ्यात सोयीचे. घेताना मादी गाभण नाही ना, हे मात्र विचारून घ्या.

विकत घेताना ओठ वर करून दात बघा. वर पुढं दात नसतातच, ते बघून नवा माणूस दचकतो. खालचे मोजायचे. दोन मोठे दात म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, आठ झाले की चार वर्षांच्या घरात. दोन किंवा चार दाती घ्या. शेपटीखाली हागवणीचे डाग, नाकात शेंबूड, लंगडणं, यातलं काही दिसलं तर किंमत कितीही उतरू दे, पुढं चला. घरात आधीची जनावरं असतील तर नवी मेंढी तीन आठवडे वेगळी बांधा.

आता मुख्य काम, ते म्हणजे बघणं. मेंढी दुखणं लपवते. गाय आजारी पडली की घरभर कळतं, मेंढी मात्र कळपाबरोबर चालत राहते आणि सकाळी मरून पडलेली सापडते. आमच्याकडं बकरी बसवायला येणारे एक मामा म्हणायचे, “मालक, चारच हाईत म्हणून बगायचं ऱ्हातं बगा. माजी दोनशे हाईत, पन एकेकीचं तोंड ठावं हाय.” सकाळी सोडताना दोन मिनिटं दारात उभं राहा. सगळ्यात शेवटी कोण येतं, कुणाचं पोट डाव्या बाजूला खपाटीला गेलंय, कोण रवंथ करत नाही, ते बघा. बाहेर न येता कोपऱ्यात तोंड खुपसून उभी असलेली मेंढी आजारी आहे असंच समजा.

दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, डोळा बघायचा. मेंढी मांड्यांत धरा, अंगठ्यानं वरची पापणी हलकेच दाबून खालची ओढा, उजेडात आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी दिसली तर लक्ष ठेवा. पांढरट झाली असेल तर जंतांनी रक्त पिऊन संपवलंय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज आली तरी बऱ्याचदा हेच कारण असतं.

इकडं मेंढ्या सगळ्यात जास्त खंगतात त्या जंतांनीच, आणि त्यावरचा अर्धा इलाज बाटलीत नसून जमिनीत आहे. लेंडीतून अंडी पडतात, ओलाव्यात आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. त्या बहुतेक बुडाच्या दोन-तीन इंचांत असतात. म्हणून बागेचे चार-पाच तुकडे पाडा, पावसाळ्यात एका तुकड्यात चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नका, गवत चार बोटं उरलं की हलवा. परत त्या तुकड्यात यायला महिना-दीड महिना जाऊ द्या. सकाळी दव सुकल्यावर सोडा. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची दलदल किंवा कॅनॉलची पाझर असेल तर तिथं अजिबात चारू नका, गोगलगायींमुळं लिव्हरमध्ये चपटे जंत होतात.

औषध पाजावं लागतंच, पण वजनाप्रमाणे, आणि सरकारी दवाखान्यात लेंडी तपासून. दर वेळी तेच औषध पाजलं की जंतांना त्याची सवय होते. पाजताना मेंढीचं तोंड आभाळाकडं करू नका, औषध फुप्फुसात जातं. मान सरळ ठेवून गालाच्या कोपऱ्यातून सावकाश सोडा.

बागवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईम्हशींना घालतो ते खनिज मिश्रण तिला घालायचं नाही, मेंढ्यांसाठीचं वेगळं मागून घ्या. आंब्याच्या बुंध्याला लावलेली बोर्डो पेस्ट म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूदात तांबंच असतं. मेंढ्या तो बुंधा चाटतात. अथणीकडं द्राक्षबागेत चारणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण तिथं बोर्डोचे फवारे गवतावर पडतात. तांबं लिव्हरमध्ये आठवडेच्या आठवडे साचतं, काही दिसत नाही, आणि मग एकदम डोळे पिवळे, लघवी गडद तांबडी. त्यानंतर फारसं हातात राहत नाही. पेस्ट लावलेल्या ओळी पावसाळाभर बंद ठेवा. बांधावरच्या घाणेरीची झुडपं उपटून टाका. कापणीनंतरचे ज्वारीचे कोवळे फुटवेही विषारी असतात, तिकडं सोडू नका.

खाणं एकदम बदलू नका. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर सोडण्याआधी थोडा सुका चारा द्या. चांगली धष्टपुष्ट मेंढी रात्रीत मरते ती पुष्कळदा आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन. त्याची लस मेमध्ये, पावसाआधी. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि लाळ्या-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत फुकट होते. पत्रक कन्नडमध्ये असतं, पण गावातल्या दवाखान्यात मराठीत विचारलं तरी तारीख सांगतात. तुमच्या चारच मेंढ्या आहेत म्हणून यादीतून राहून जाऊ नये, स्वतः जाऊन नाव घाला.

पावसात उभं राहायला कोरडी जागा हवी. छप्पर साधं चालेल, जमीन मात्र उंच आणि मुरमाड पाहिजे. चिखलात खूर सडतात. मेंढीला मागून धरून ढुंगणावर बसवली की ती गप्प बसते. तशी बसवून खुरांच्या बेचक्यात बोट फिरवा, वास आला तर कुजायला लागलंय. वाढलेलं नख कातरा, झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवा. शेपटीभोवतीची लोकर पावसाआधी कातरून टाका, नाहीतर ओल्या घाणीत माशी बसते आणि किडे पडतात. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरावी लागते, त्यासाठी धनगरालाच बोलवा. आपल्या हातानं कातडी कापली जाते. लोकरीला आता भाव नाही, तो धरूनही चालू नका.

चोरापेक्षा मोकाट कुत्री वाईट. रात्री बंद खोपटात घ्यायचंच. कुंपणाची जाळी घेताना भोक इतकं लहान घ्या की मेंढीचं डोकं आत जाणार नाही, किंवा इतकं मोठं की गेलेलं परत निघेल. मधलं माप फार जीव घेतं.

घरात ठेवायचं ते थोडकं: थर्मामीटर, टिंक्चर आयोडीन, जखमेवरचा स्प्रे, पाजायची सिरिंज. मेंढीचा ताप 102 ते 103.5 फॅरनहाइट हा नेहमीचा, माणसाच्या हिशेबानं घाबरू नका. आडवेळी जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन लागतो. फोनवर ताप किती, कालपासून काय खाल्लं, लेंडी पातळ की घट्ट, आणि मागची लस कधीची, हे चार सांगता आले पाहिजेत. आणि मेंढी एकदम मरून नाकातोंडातून काळपट रक्त आलं असेल तर ती सोलू नका, कुणाला देऊ नका. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, आणि ती माणसालाही होते. डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका, आणि नंतर ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा.