फायबरवरचे बिट एरर मोजताना या चुका टाळा

पावसाळ्यात गुहागरकडच्या वाड्यांवर नेट रखडायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: "लाईट किती येतेय?" पॉवर मीटर लावायचा, उणे २१ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दिसलं की लाईन ओके म्हणायचं आणि पुढचं घर गाठायचं. मीही बरीच वर्षं हेच केलं. पण मीटर फक्त प्रकाश मोजतो. इकडून पाठवलेला १ पलीकडे ० म्हणून वाचला गेला, तर ते त्याला कळायला मार्गच नाही. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाशाचे झटके सोडून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, तेही लॉस आणि जोड दाखवतं, एरर नाही.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. बीईआर (बिट एरर रेट) म्हणजे चुकलेले बिट भागिले एकूण बिट. गिगाबिट इथरनेटच्या फायबर लिंकला एक लाख कोटी बिटांत फार तर एक चूक चालते. आता ठरलेले बिट पाठवून चुका मोजणारा टेस्टर पाच मिनिटं लावला, एरर शून्य, रिपोर्टवर सही. पण १ जीबीपीएसच्या लाईनवर पाच मिनिटांत जातात फक्त ३० हजार कोटी बिट. लिंक मर्यादेपेक्षा तिप्पट वाईट असली, तरी ही पाच मिनिटं कोरी जाण्याची शक्यता ४० टक्के असते. ९५ टक्के खात्री हवी तर मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे ३ लाख कोटी बिट बिनचूक जाऊ द्यावे लागतात. त्याला ५० मिनिटं लागतात; १० जीबीपीएसला पाच पुरतात. मध्येच एक एरर आला तर काउंटर शून्य करून पुन्हा सुरू करू नका. तो एरर धरून १ जीबीपीएसवरची टेस्ट साधारण ७९ मिनिटांपर्यंत न्या. दुसरा आला नाही तर तेवढीच खात्री मिळते.

हे सगळं गणित मात्र चुका सुट्या सुट्या येतात असं धरून चालतं, आणि आपल्याकडे नेमकं तसं होत नाही. एका वाडीवर मी तासभर टेस्ट लावली, एरर शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. तिसऱ्या खेपेला दुपारी वारा सुटला होता. काउंटर शांत, मग एक झोत आला आणि आकडा एकदम शेकड्यांनी चढला, पुन्हा शांत. वर बघितलं तर केबल पोफळीला काथ्याच्या दोरीने बांधलेली. झाड कललं की केबलचा वेढा आवळायचा, सुटलं की सैल. सरासरी काढली असती तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून एरर सेकंदागणिक लिहून ठेवा, आणि वाऱ्यापावसातही मोजा. जीपॉनमध्ये (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याची पद्धत) घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश अशा वाकणात जास्त गळतो, घरातून जाणारा १३१० चा कमी. त्यामुळे दोन्ही दिशांचे आकडे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्विचवरच्या सीआरसी एररवरून (फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, पडताळणीत चुकल्याची नोंद) बीईआर काढत असाल तर भागताना जपा. पोर्ट १ जीबीपीएसचं, पण रात्री ट्रॅफिक २० एमबीपीएस; पोर्टच्या वेगाने भागलंत तर लिंक आहे त्यापेक्षा ५० पट चांगली दिसेल. फ्रेममधून प्रत्यक्ष गेलेले बिटच धरा. शिवाय एका खराब फ्रेममध्ये एक बिट चुकलाय की वीस, हे सीआरसी सांगत नाही.

एफईसी (जादा बिट पाठवून चुका पलीकडेच दुरुस्त करायची सोय) चालू असेल तर दुरुस्त झालेल्या चुकांचा काउंटर आधी उघडा. ग्राहकाला सगळं सुरळीत वाटत असतानाच तो चढू लागतो, आणि बिघाड हाताशी लागायची खरी वेळ तीच असते.

मोजण्याआधी कनेक्टर दोन्ही बाजूंनी पुसा आणि स्कोपखाली, म्हणजे फायबरचं टोक बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघा. किनाऱ्यावर टोपण न लावता राहिलेल्या टोकावर खाऱ्या हवेचा थर बसतो. हिरव्यात निळा कनेक्टर खुपसू नका. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे मध्ये फट राहते. आणि ४० किलोमीटरचा एसएफपी (स्विचमध्ये बसणारं प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) दोन किलोमीटरवर लावला असेल, तर आधी प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर घाला. प्रकाश जास्त झाला तरी रिसीव्हर चुकतो.