पार्किन्सन्समधली उदासीनता : इच्छा होण्याची वाट न बघता

पार्किन्सन्सचा माणूस तासन् तास खुर्चीत बसून राहू लागला की घरातले आधी आळशी ठरवतात, मग नैराश्य आलंय म्हणतात. आमच्या ह्यांना 'वाईट वाटतंय का?' विचारलं तर सरळ 'नाही' म्हणतात, आणि ते खरं असतं. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. उदासीनतेत, म्हणजे काही करायची इच्छाच होत नाही तेव्हा, तो बऱ्याचदा शांत असतो. जीव कासावीस होतो तो आपला. पार्किन्सन्सच्या दर दहा जणांपैकी साधारण चौघांत ही उदासीनता आढळते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडतं. ते नुसते हातपाय हलवायला लागत नाही, काही करायची उमेद यायलाही ते लागतं. तेव्हा स्वभावाला नावं ठेवू नका.

नैराश्य आणि उदासीनता एकत्रही असू शकतात, म्हणून आधी न्यूरॉलॉजिस्टना सांगा. झोप, थायरॉइड, बी-12 यांबद्दलही विचारा. गोळ्यांचे डोस आपल्या मनाने बदलायचे नाहीत.

आता घरचं. 'मनात आलं की करतील' म्हणून थांबू नका. मनात आधी येत नाही. काम सुरू झालं तर मागून थोडंफार येतं. सुरुवात करून देणं तेवढं आपल्याकडे.

'फिरायला येता का?' याचं उत्तर ठरलेलं असतं : नको. म्हणून मी विचारतच नाही. बूट पायाशी ठेवते आणि म्हणते, 'चला, गेटपर्यंत.' तिथे पोचले की बहुतेकदा पुढेही जातात. नाही गेले तर गेटपर्यंतचं चालणंही चालणंच. विचारायचंच असेल तर 'डावीकडे जायचं की उजवीकडे?' असं विचारा. निर्णय त्यांचा राहतो आणि 'नको' म्हणायला जागा उरत नाही.

जुना छंद परत आणायचा तर अख्खा आणू नका. हे रेडिओ दुरुस्त करायचे. सगळी अवजारं मांडून दिली तर नुसते बघत बसतात. एक रेडिओ आणि एकच स्क्रूड्रायव्हर दिला, 'मागचं झाकण तेवढं उघडून द्या' म्हटलं, की हात चालायला लागतात. रेडिओ दुरुस्त होतो का? क्वचित. लवकर होऊ नये असंच मला वाटतं, उघडायला काहीतरी शिल्लक हवं ना!

वेळ मात्र नीट निवडा. गोळीचा असर चांगला असतो तेव्हाच चालणं, व्यायाम, पाहुणे. असर उतरल्यावर शरीरच साथ देत नाही, तिथे आग्रह करून फक्त चिडचिड पदरी पडते. दिवसाचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावा आणि मोबाइलवर गजर लावा. तेच वाक्य मी म्हटलं की ती कटकट होते, गजराशी कोणी भांडत नाही.

व्यायाम टाळू नका, पण एकट्याने करायला सांगू नका. फिजिओथेरपिस्टची ठरलेली वेळ, गटातला व्यायाम किंवा रोज हाक मारणारा एखादा मित्र, यांच्यापैकी काहीतरी हवंच. कोणी वाट बघतंय म्हटलं की हे उठतात. ठेक्याच्या गाण्यावर पावलंही बरी पडतात. पडण्याची भीती असेल तर आधाराची सोय आधी, गाणं नंतर.

चेहऱ्यावर आनंद शोधत बसू नका. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायूच कमी हलतात, त्यामुळे मजा आली तरी ती दिसेलच असं नाही. मी विचारते, 'उद्या पुन्हा करूया?' 'हं' आलं की मला पुरतं.

आणि आठवड्यातून काही तास कोणाला तरी त्यांच्याजवळ बसवून स्वतः बाहेर पडा. दुसऱ्याची उमेद सतत पुरवत राहणं थकवणारं काम आहे.

एक सावधगिरी. दोन-चार दिवसांत एकदम बोलणं मंदावलं, गुंगी किंवा गोंधळ दिसला, तर ती नेहमीची उदासीनता समजू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा औषधातला बदल यांनीही असं होतं. तेव्हा गजर आणि बूट बाजूला ठेवा, लगेच डॉक्टरांना फोन करा.