अनलिमिटेड जेवायला निघालात? या चुका टाळा

पुण्यामुंबईत पोटभर खायचं आणि खिशालाही झेपलं पाहिजे, असं म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक, बसल्या जागी आणून वाढणारी अनलिमिटेड थाळी. दुसरी, आपण उठून ताट भरायचा बुफे. टेबलावर शेगडी ठेवणारे बार्बेक्यूवाले यातच आले. फसगत दोन्हीकडे होते. पण बरेचदा ती जेवायला बसल्यावर नाही, घरातून निघतानाच झालेली असते.

वार न बघता जाणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बार्बेक्यूच्या साखळी हॉटेलांत सोमवार ते शुक्रवार दुपारचा दर आणि शनिवार-रविवार रात्रीचा दर यांत बराच फरक असतो. मेनूत मात्र फार तर दोन-तीन पदार्थ वाढतात. आठवड्यातल्या दुपारी टेबलं रिकामी असतात, म्हणून दर उतरतो. शिवाय काही ठिकाणी संध्याकाळी लवकर येणाऱ्यांना वेगळा, स्वस्त दर असतो. तो बोर्डावर सहसा दिसत नाही, बुकिंग करताना विचारावा लागतो. श्रावणात सामिष बुफेवाल्यांकडची गर्दी ओसरते, तेव्हा तिथे चौकशी करायला हरकत नाही. गटारीला मात्र त्या दिशेला फिरकूच नका.

थाळीचं गणित जरा निराळं. रविवारी 'स्पेशल थाळी' म्हणून एक गोड आणि एक फरसाण वाढतं, दरही वाढतो, आणि बाहेर नावं लिहून तासभर उभं राहावं लागतं. आत बसल्यावरही मागे वाट बघणाऱ्यांची नजर आपल्या ताटावर. असं जेवण कितीही अनलिमिटेड असलं तरी घशाखाली नीट उतरत नाही. पुण्यात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. त्यामुळे रविवारी रात्री सगळे एकदमच बाहेर पडतात. तुम्ही दुपारी फीस्ट चेपा आणि रात्री खिचडीवर भागवा.

बोर्डावरचा आकडा म्हणजेच बिल, असं समजणं

बोर्डावर ६९९ रुपये लिहिलंय. साध्या रेस्टॉरंटमध्ये त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की माणशी ७३४ रुपये होतात. इथवर ठीक. पण बिलात गुपचूप १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला आणि त्या सगळ्यावर जीएसटी लावला, तर तोच आकडा ८०७ वर जातो. चौघांचं कुटुंब असेल तर जवळजवळ ३०० रुपये जास्त. तेवढ्या पैशांत एका साध्या खानावळीत आणखी एक माणूस जेवला असता.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही आणि तो सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे म्हणणं उचलून धरलं. तेव्हा "हा काढून द्या" म्हणताना संकोच करू नका. वाढप्याने खरंच प्रेमाने वाढलं असेल तर टीप त्याच्या हातात द्या.

मोठ्या हॉटेलातल्या बुफेला जाताना आणखी एक बघा. जिथे खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो. ९९९ चा बुफे तिथे ११७९ ला पडतो. याउलट अगदी लहान खानावळ कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर तिला ग्राहकाकडून जीएसटी वसूल करताच येत नाही. तसं तिच्या बिलावर छापलेलंही असावं लागतं. एवढं असून बिलात जीएसटीची ओळ दिसली, तर तिथेच बोट ठेवा.

पाण्याचंही तसंच. बसताक्षणी "बिसलरी की रेग्युलर?" असा प्रश्न येतो आणि आपण भिडेखातर बाटली घेतो. रेस्टॉरंटमध्ये बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुभा दिली आहे, त्यामुळे नंतर वाद घालून उपयोग नाही. आधीच "साधं पाणी" म्हणा.

थाळी कोणती, हे न विचारणं

बऱ्याच ठिकाणी मर्यादित आणि अमर्यादित असे दोन दर असतात, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो तो मर्यादितचा. अमर्यादितमध्येही गोड एकच वाटी, असं असू शकतं. आंब्याच्या दिवसांत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय बसूच नये: आमरस कितीही, की एक वाटी? एका ताटात दोघं जेवणं कुठेच चालत नाही. उरलेलं बांधून देत नाहीत. काही ठिकाणी ताटात टाकलेल्या अन्नाचा दंडही लावतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

फोनवर एवढं विचारलं की पुरे:

- कर धरून माणशी किती?
- गोड, ताक, आमरस यांतलं काय मोजून मिळतं?
- लहान मुलांचा अर्धा दर कोणत्या वयापर्यंत?
- शेवटची बैठक किती वाजता?

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. अडीचला पोचणाऱ्याला जेवण मिळतं, पण संपत आलेलं.

पोट चुकीच्या गोष्टीने भरणं

गुजराती थाळीत बसल्या बसल्या वाट्या भरायला सुरुवात होते. ढोकळा, कचोरी, दोन भाज्या, कढी, पुरी. तुम्ही मान वर करेपर्यंत दुसरी पुरी ताटात पडलेली असते. वाढपी लांबूनच बोटांच्या खुणा करून एकमेकांना सांगतात की त्या टेबलावर काय कमी आहे. ही चपळाई बघण्यासारखी असते, पण तिच्या वेगाने जेवलात तर दहा मिनिटांत आटोपाल. नको असेल तर नुसतं "बस" म्हणून भागत नाही, वाटीवर तळहात ठेवायचा. पहिल्या फेरीत पुरीला नाही म्हणा, गरम फुलका येईपर्यंत थांबा. काळबादेवीतल्या ठाकर भोजनालयात किंवा पुण्यात टिळक रोडवरच्या दुर्वांकुरमध्ये जायचं असेल तर सकाळचा नाश्ता हलका ठेवा, पण उपाशी जाऊ नका. उपाशी माणूस पहिल्या पाच मिनिटांत फरसाणावर तुटून पडतो आणि मग संपतो.

बार्बेक्यूमध्ये हीच गोष्ट मक्याच्या कुरकुरीत दाण्यांची आणि बटाट्याची. ते न मागता येतात आणि पुन्हा पुन्हा येतात. मासे, कोळंबी, मटण मागावं लागतं, म्हणून मागा. काही ठिकाणी टेबलावर छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर सळ्या येत राहतात, खाली केला की थांबतात. घाईने खाली करू नका. मुख्य जेवणाच्या काउंटरवरची दाल आणि पनीर कुठल्याही हॉटेलात मिळतं. त्यासाठी पोटात जागा राखण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

कूपनवर विसंबणं

ॲपवर '४० टक्के सूट' दिसते आणि खाली बारीक अक्षरांत 'बुफेवर लागू नाही' असं लिहिलेलं असतं. कधी शनिवार-रविवार वगळलेले असतात, कधी किमान बिलाची अट असते. म्हणून टेबलावर बसण्याआधी कूपन काउंटरवर दाखवून होकार घ्या. जेवल्यावर दाखवलेलं कूपन म्हणजे हमखास वाद.

तरीही अडचण आलीच तर

भांडं रिकामं असेल आणि दहा मिनिटं कोणी भरत नसेल, तर वाढप्याला नाही, वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनला बोलवा. वेळेची मर्यादा असेल तर तेवढी मिनिटं वाढवून मागा. जेवण चालू असताना मागितलेलं सहसा मिळतं, बिल भरल्यावर नाही. बिलातून सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर बिलाचा फोटो घ्या, पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळदा हा क्रमांक नुसता उच्चारला तरी नवीन बिल छापून येतं.