नाशिकच्या घरात मोठे वनस्पती-मत्स्यालय उभारताना

पाच फुटी टाकी घ्यायचे मनात असेल, तर दुकानात पाऊल टाकण्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावावा: घराची जमीन किती वजन पेलते आणि नळाला कोणते पाणी येते. दिवा, फिल्टर, खते, रोपे आणि मासे हे सगळे पुढे बदलता येते. भरलेली टाकी मात्र वीतभरही सरकवता येत नाही, आणि पाण्याचा स्वभाव बदलायचा झाल्यास त्याचा खर्च दर आठवड्याला सोसावा लागतो.

आधी वजन पाहू. १५० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच टाकीचे माप ४९५ लिटर भरते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी चारशे लिटरच्या आसपास राहते. १२ मिलिमीटर काचेचे वजन सुमारे ९५ किलो, त्यात माती, दगड आणि स्टँड धरले की एकूण भार साडेसहाशे ते सातशे किलोंवर जातो आणि तो एक चौरस मीटरहूनही कमी जागेवर पडतो. भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांची स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरून आखली जाते. याचा अर्थ वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवताच येत नाही असा नाही, कारण स्लॅब भार आजूबाजूला वाटून घेते. पण ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता बीम किंवा कॉलमच्या जवळ, भिंतीलगत असावी आणि त्याआधी इमारतीचा नकाशा एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचे मत घ्यावे. जुन्या नाशकातील आणि पंचवटीतील लाकडी तुळयांच्या वाड्यांमध्ये तर तळमजल्याखेरीज दुसरा विचारच करू नये.

उंची ५५ सेंटिमीटरच का, असा प्रश्न येईल. उंच टाकी दिवाणखान्यात भारदस्त दिसते, हे खरे आहे. पण पाणी जितके खोल तितका तळाशी पोहोचणारा प्रकाश कमी, आणि रोपांची छाटणी करताना हात तळापर्यंत पोहोचला नाही तर बाग महिन्याभरात रान होते. पैसे वाढवायचेच असतील तर ते उंचीवर नव्हे, रुंदीवर खर्च करावेत. दृश्याला खोली येते ती रुंदीमुळे. वरच्या कडेला काचपट्ट्यांचा आधार असेल तर १२ मिलिमीटर काच चालते, बिनपट्टीची टाकी हवी असल्यास १५ मिलिमीटर घ्यावी.

स्टँडसाठी सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ४० मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा पावडर कोटिंगसह करून घ्यावा आणि त्यावर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय टाकावा. लहान पाणसळ पाच फुटांवर पुरेशी खात्री देत नाही. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून स्टँडचे चारही कोपरे तपासावेत आणि फरक निघाला तर तो पायांखाली धातूच्या चकत्या देऊन काढावा. टाकीखाली फोमचा शीट घालून फरक झाकणे धोक्याचे आहे. फोम बारीक खडबडीतपणा सामावून घेतो, तिरकेपणा नाही. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट काचेवर येत असेल तर ती जागा सोडून द्यावी.

आता पाणी. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून महापालिकेचे पाणी मिळते आणि ते बोअरच्या पाण्याच्या मानाने बरेच सौम्य असते. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा असल्याने बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर उतरतात. बादलीवर आणि नळावर बसणारा पांढरा थर हे त्याचेच चिन्ह. अनेक सोसायट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळले जाते, म्हणून केवळ ‘आमच्याकडे कॉर्पोरेशनचे पाणी आहे’ एवढ्यावर विसंबू नये. थेंबांच्या चाचणी-संचाने एकूण काठिण्य, म्हणजे जीएच, आणि कार्बोनेट काठिण्य, म्हणजे केएच, मोजावे. जीएच चार ते आठ आणि केएच दोन ते पाच अंश असेल तर बहुतेक रोपे त्यात सुखाने वाढतात. आकडे त्याहून बरेच वर गेले तर आरओचे पाणी मिसळून ते खाली आणावेत. ही मोजणी एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करावी, कारण पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीनची मात्राही बदलू शकते. क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट सर्वांत स्वस्त पडते: २०० लिटर पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर दीड ग्रॅम पुरते.

पाणी बदलण्याची वेळही आधीच ठरवावी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते की ते थेट सोडले तर मासे दगावतील, आणि जानेवारीच्या पहाटे तेच पाणी अंगावर काटा आणते. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे आणि हिवाळ्यात दुपारी पाणी बदलावे. प्रत्येक वेळी दीडशे-दोनशे लिटर पाणी बाहेर पडते. ते गटारात सोडणे मला पटत नाही. नायट्रेटयुक्त असल्याने ते कुंड्यांना आणि परसबागेला उत्तम खत ठरते, म्हणून टाकीची जागा निवडतानाच तेथून बाल्कनीपर्यंत पाइप कसा जाईल हे पाहून ठेवावे.

उपकरणांकडे वळताना एक सूत्र हाती धरावे: प्रकाश ठरवतो, बाकीचे त्याच्या मागे जाते. प्रकाश वाढला की रोपांची कार्बन डायऑक्साइडची आणि खतांची भूक वाढते; ती भागली नाही तर रोपे थांबतात आणि शेवाळ पुढे सरते. चारशे लिटरला सुमारे १२,००० ल्युमेनचे, ६५०० केल्व्हिनच्या आसपासचे एलईडी दिवे मध्यम बागेला पुरतात. दिवा मंद करता येईल असाच घ्यावा, सुरुवातीला दिवसाला सहा तास लावावा आणि रोपे रुजल्यावर आठ तासांपर्यंत न्यावा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ही या सगळ्यातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जपून वापरायची वस्तू आहे. यीस्ट-साखर आंबवून वायू देणाऱ्या बाटल्या एवढ्या मोठ्या टाकीत निरुपयोगी ठरतात. औद्योगिक वसाहतींमुळे नाशकात सिलिंडर भरून मिळणे अवघड नाही, पण त्यावर ठोकलेली चाचणीची तारीख पाहिल्याशिवाय तो घरात आणू नये. त्यावर रेग्युलेटर, विजेने उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वायूची धार बारीक करणारा नीडल व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजण्याची कुपी आणि पाणी उलटे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह असे सारे हवे. सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने स्टँडला बांधलेला असावा. आडवा केला तर आतला द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. दाबाच्या काट्यावरून वायू किती उरला हे कळत नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत तो काटा केवळ खोलीचे तापमान सांगतो: थंडीच्या सकाळी ५० बारच्या आसपास, तर उन्हाळ्यात ७० च्या वर. म्हणून सिलिंडर भरून आणल्याच्या दिवशी त्याचे वजन करून ते त्यावर खडूने लिहून ठेवावे आणि पुढे वजनावरूनच अंदाज घ्यावा.

वायू दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवा बंद होण्याच्या तासभर आधी थांबावा. मात्रा ठरवण्यासाठी चार अंश केएचचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारे रसायन भरलेली छोटी कुपी, म्हणजे ड्रॉप चेकर, काचेला आतून लावावा. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे मात्रा सुट्टीच्या दिवशी, घरी असतानाच वाढवावी. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर रंग कोणताही असो, वायू तत्काळ बंद करून हवेचा पंप लावावा.

खतांच्या बाबतीत मात्र नाशिककरांइतके भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असेल. मत्स्यालयाच्या दुकानात छोट्या बाटल्यांतून महाग विकले जाणारे द्रव खत म्हणजे बव्हंशी तेच क्षार, जे द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट मिळते. पिंपळगाव बसवंत किंवा निफाडकडचा कोणी बागायतदार ओळखीचा असेल तर पिशवी फोडून पाव किलो मागून घेतले तरी ते पुष्कळ दिवस पुरते. चारशे लिटर पाण्यात ७ ग्रॅम १३:००:४५ टाकल्यास नायट्रेट लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते, आणि ००:५२:३४ चे ०.६ ग्रॅम फॉस्फेट १ मिलिग्रॅमने वाढवते. सिलिंडर आणि चांगला प्रकाश असलेल्या टाकीत नायट्रेट १० ते ३० आणि फॉस्फेट १ ते ३ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावे. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा त्यासाठी घ्यावाच. चमच्याच्या मापाने फॉस्फेट टाकू नये.

सूक्ष्म अन्नद्रव्ये घेताना पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत. शेतीच्या मिश्रणांत तांबे आणि जस्त पिकाच्या गरजेनुसार असते आणि कोळंबीला तांबे सोसत नाही, त्यामुळे टाकीत कोळंबी ठेवायची असेल तर मिश्रण न घेता केवळ चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनाने बांधलेले लोह, घ्यावे. या बांधणाऱ्या रसायनांतही ईडीटीए हे सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की लवकर निकामी होते, डीटीपीए साडेसातपर्यंत टिकते; ईडीडीएचए त्याहूनही टिकाऊ, पण ते पाणी लालसर करते. आपल्याकडच्या पाण्यासाठी डीटीपीए योग्य. युरिया किंवा अमोनियाधारित खते, उदाहरणार्थ १९:१९:१९ किंवा १२:६१:००, टाकीत चुकूनही टाकू नयेत; अमोनिया माशांना विषारी असतो.

तळाच्या मातीत काटकसर करू नये. काळी माती अन्नद्रव्ये उत्तम धरून ठेवते हे खरे, पण पाण्यात ती फुगते, हात लागताच पाणी गढूळ करते आणि तिच्यातील चुनखडीचे खडे काठिण्य वाढवत राहतात. त्यापेक्षा भाजलेल्या दाण्यांची तयार ॲक्वासॉइल घ्यावी. पुढे चार आणि मागे दहा सेंटिमीटर असा उतार देण्यासाठी या मापाच्या टाकीला ६० ते ६५ लिटर माती लागते. दगडांसाठी आपला काळा बेसॉल्ट सुंदरही आहे आणि निरुपद्रवीही. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे कॅल्साइट असते. पांढऱ्या भागावर आम्लाचा थेंब टाकावा, फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा.

फिल्टर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर बसणारे बंद डब्याचे फिल्टर, घ्यावेत, मिळून ताशी अडीच ते तीन हजार लिटरचे. एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो आणि दोन्ही आलटून पालटून, टाकीतून काढलेल्याच पाण्यात धुता येतात, म्हणजे उपयोगी जिवाणू टिकतात. नाशकात हीटर आणि पंखा दोन्ही लागतात. डिसेंबर-जानेवारीसाठी २०० वॉटचे दोन हीटर पुरतात. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे पाणी दोन ते चार अंशांनी थंड ठेवतात, महागड्या चिलरची गरज सहसा पडत नाही. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र आरओच्या पाण्यानेच भरावे, नाहीतर क्षार साचत जातात.

वीजजोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. प्रत्येक वायर बोर्डाच्या खालून वळसा घेऊन वर जाऊ द्यावी, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. देखभालीसाठी वीज बराच वेळ जाते तेव्हा फिल्टर इन्व्हर्टरवर चालावा. टायमर बॅटरीचा डिजिटल घ्यावा. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली तेवढा वेळ मागे पडतो आणि वायू-दिव्याचे वेळापत्रक विस्कटते.

पहिल्याच दिवशी तळाचा बहुतांश भाग रोपांनी भरून टाकावा. हायग्रोफिला, रोटाला, व्हॅलिसनेरिया अशी झपाट्याने वाढणारी रोपे सुरुवातीचा अमोनिया शोषून घेतात. अनुबियास आणि जावा फर्नचे खोड मातीत न पुरता दगडाला बांधावे. क्रिप्टोकोरीनची पाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विरघळल्यासारखी गळतात. मूळ उपटू नये, नवी पाने येतात. अंजनेरीच्या पठारावरून किंवा ओढ्यातून रोपे आणू नयेत, तेथील वनस्पती मोजक्या जागी तग धरून आहेत.

मासे येण्यास चार ते सहा आठवडे लागतील. अमोनिया आणि त्यापासून जिवाणूंनी बनवलेले, तेही विषारी असलेले नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की आधी आठ-दहा लहान मासे सोडावेत आणि संख्या पंधरवड्याच्या अंतराने वाढवावी. डॅनिओ, चेरी बार्ब आणि रासबोरा हे थव्याने फिरणारे मासे पाच फुटांत खुलून दिसतात. केरळच्या डेनिसन बार्बचा मोह अनेकांना होतो. तो निसर्गात धोक्यात आलेला असल्याने संवर्धन केंद्रात पैदास झालेलाच घ्यावा.

छाटलेल्या फांद्या वाळवून कंपोस्टमध्ये टाकाव्यात आणि नको झालेले मासे दुकानाला परत द्यावेत. गोदावरीत किंवा एखाद्या तलावात यातील काहीही सोडू नये. गोदावरीवर पसरणारी जलपर्णी मुळात दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेली गेलेली वनस्पती आहे, आणि नदीच्या खाली नांदूरमध्यमेश्वरचे रामसर पाणथळ क्षेत्र आहे. आपल्या बादलीतून गेलेले एखादे रोप तिथपर्यंत पोहोचायला एक पावसाळा पुरतो.