उद्योजकाची स्मृतिपुस्तिका लिहायला घेणाऱ्यांसाठी

फोन बहुतेक वेळा तेरावा उरकल्यावर येतो. मुलगा किंवा जावई बोलत असतो, "बाबांवर एक छोटं पुस्तक करायचंय, वर्षश्राद्धाला हातात पाहिजे." छोट्या गावांत, विशेषतः उद्योगाच्या गावांत, हे काम आता बऱ्यापैकी मिळतं. मी इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ते करत आले आहे. वर्तमानपत्रातून किंवा भाषांतरातून या कामाकडे वळणारी तरुण मंडळी विचारतात, सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे.

घरच्यांच्या डोक्यात अनुक्रमणिका आधीच तयार असते. बालपण, संघर्ष, उद्योगातली भरारी आणि शेवटी 'कुटुंबवत्सल बाबा' या नावाचं एक प्रकरण. त्यात नातवंडांचे फोटो आणि महाबळेश्वरची सहल. ही मांडणी गोड बोलून पण ठामपणे बाजूला ठेवा. आपल्याकडच्या लहान उद्योजकाचा धंदा आणि घर कधीच वेगळं नसतं. भांडवल घरातून गेलेलं असतं, मनुष्यबळ घरातलंच असतं आणि तोटा झाला की तोही ताटातच दिसतो. शेवटच्या प्रकरणात ढकललेला माणूस पहिल्या पानापासून त्याच कारखान्यात वावरत असतो.

थोरामोठ्यांचंही तेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती वाट सोडली, यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं ते भाऊ रामुअण्णांच्या जोडीनं. कंपनीच्या नावात 'ब्रदर्स' आहे ते उगाच नाही. पुढे औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथे कारखान्याला लागूनच राहती घरं उभी राहिली, पुतणे शंकरराव किर्लोस्करांच्या मासिकाचं काम बघू लागले. यातून कुटुंब वेगळं काढून लिहायला बसलात तर उरतात फक्त नांगर आणि पंप.

कुणाला आधी भेटायचं, हा पहिला खरा प्रश्न. मुलांना आधी भेटू नका. त्यांनी वडिलांना बहुतेक यशानंतरच पाहिलेलं असतं, आणि जे पाहिलं त्याला श्रद्धांजलीच्या सभेत एक ठराविक आकार आलेला असतो. आधी जुना कामगार गाठा. यंत्रमागाच्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा असतो; फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारा. त्यानंतर दिवाणजी. इचलकरंजीत कारखान्याचे हिशेब लिहिणाऱ्याला दिवाणजीच म्हणतात, आणि मालकाच्या घरी कधी काय शिजलं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

एका खर्चीवाल्या कारखानदाराच्या पुस्तिकेचं काम करताना हे मी फार जवळून पाहिलं. खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा; मजुरी 'पिक'वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते आणि ती वेळेवर येईलच असं नसतं. घरच्यांनी सांगितलं, "बाबांनी शून्यातून उभं केलं." दिवाणजींनी माळ्यावरून लाल कापडी बांधणीचे जुने रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आतलं अक्षर शाबूत. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी 'नावे' म्हणजे खर्चाच्या बाजूला ओळीनं कामगारांची नावं, आणि सगळ्यात शेवटी 'घरखर्च'. दिवाळीच्या आधीच्या काही आठवड्यांत कामगारांच्या रकमा पूर्ण होत्या आणि घरखर्चासमोर नुसती आडवी रेघ. त्याच महिन्यात जमेच्या बाजूला एक नोंद होती, 'सौ. खाते जमा'. दिवाणजींनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "या पाटल्या हो. बँकेत तारण ठेवल्या. सोडवून आणल्या तेव्हा मोठीचं लग्न ठरलं होतं." मुलांना हे माहीत नव्हतं. शून्यातून काही उभं राहिलं नव्हतं, पाटल्यांतून राहिलं होतं. ते पान आम्ही पुस्तिकेत पूर्ण पानभर छापलं.

म्हणून वह्या मागा. रोजमेळ, खतावणी, बँकेची पासबुकं, एमआयडीसीचं प्लॉटचं वाटपपत्र, शॉप ॲक्टचं लायसन्स, पहिल्या मशीनचं बिल. "ते सगळं टाकून दिलं" असं पहिल्यांदा हमखास सांगतात. देव्हाऱ्याच्या खालचा कप्पा आणि गोदरेजच्या कपाटाचा लॉकर बघितलाय का, एवढंच विचारा.

आता ज्यांच्यावर पुस्तिका आहे त्यांच्या पत्नी. मुलं दिवाणखान्यात बोलत असतात आणि त्या चहा आणून आत जातात. त्यांच्याशी वेगळं बोलायला वेळ मागून घ्या, शक्यतो दुपारी, स्वयंपाकघरात. "काका कसे होते?" असं विचारलंत तर "देवमाणूस होते" हे उत्तर येणार आणि बोलणं तिथेच संपणार. त्याऐवजी विचारा, "जेवायला किती वाजता यायचे?" एका काकूंनी यावर तासभर सांगितलं. वीज जायची तेव्हा माग बंद पडायचे, म्हणून ते वीज गेली की घरी यायचे. दिवे गेले की त्या तवा ठेवायच्या, पहिली भाकरी होईपर्यंत चपलांचा आवाज यायचा. सुरुवातीला दोन पोरांना मांडीशी घेऊन त्यांनी घरातच मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. त्याचा पगार कुठल्याच वहीत नाही. असा मजकूर मुलाखतीच्या ठरलेल्या प्रश्नावलीतून मिळत नाही. प्रश्नावली घरी ठेवा.

तारखांचं मात्र कडक असा. माणसं साल सांगत नाहीत, घटना सांगतात. "भूकंपाच्या वर्षी माग घेतले" म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. "दुष्काळात" म्हणजे बहुधा १९७२. "मुंबईच्या संपात" म्हणजे जानेवारी १९८२ पासूनचा गिरणी संप. तेव्हा गावाकडे परतलेले काही कामगार इकडच्या यंत्रमागांवर लागले, त्यामुळे ही खूण वारंवार भेटते. "पुरात" म्हटलं तर थांबून विचारा, २००५ चा की २०१९ चा. अलीकडच्यासाठी नोटबंदी आणि जीएसटी आहेतच. पाठीमागे एका कागदावर अशी खुणांची पट्टी करून ठेवली की चार जणांच्या चार आठवणी आपोआप जागेवर बसतात, आणि कुणाची आठवण खोटी पडते तेही कळतं.

गावाचा इतिहासही चार ओळींत हवा, पण नेमका. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या धंद्याला पाठबळ दिलं. हे सांगितल्यावर वाचकाला कळतं की आपला नायक रानात एकटा उभा नव्हता, आधीच वाहत्या झालेल्या पाण्यात त्यानं नाव घातली होती. घरच्यांना हे थोडं खटकतं. त्यांना बाबा पहिले हवे असतात. "आमच्या गल्लीत पहिले" इतपत खरं असेल तर तेवढंच लिहा.

अपयशाचं काय करायचं? लिहायचं. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला विकले जात नव्हते, लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, ही गोष्ट आज किर्लोस्करांचा मोठेपणा सांगताना सगळेच सांगतात. मग तुमच्या नायकाची बुडालेली उधारी लपवून काय मिळणार? फक्त ज्याच्याकडे पैसे बुडाले त्याचं नाव गाळा. त्याचे नातू त्याच गावात राहतात.

वाटणी हा खरा अवघड भाग. भाऊ वेगळे झाले असतील तर दोन्हीकडची बाजू ऐका, तुम्हाला पैसे एकाच बाजूनं दिलेले असले तरी. पुस्तिकेत "१९८८ साली भावांनी व्यवसाय स्वतंत्रपणे पाहायला सुरुवात केली" एवढं वाक्य बहुतेकांना चालतं. पण धाकट्या भावाचं नावच गाळा असा आग्रह झाला तर काम सोडलेलं परवडतं. आणि वंशावळीत लेकींची नावं आहेत ना, हे दोनदा तपासा. सुना येतात, कारण त्या घरात असतात. लेकी राहून जातात, आणि त्यातलीच एखादी बाबांची पहिली हिशेबनीस असते.

व्यवहाराबद्दल लाजू नका. दुःखाच्या घरात पैशाचं कसं बोलायचं, असं नवख्यांना वाटतं. धंदेवाईक घरांना उलट तेच बरं वाटतं. एक साधा कागद करा: मानधन किती, तीन हप्त्यांत कसं, मजकुराला अंतिम मंजुरी कोण एक व्यक्ती देणार, छपाईचा खर्च कुणाचा. 'कोण एक व्यक्ती' हे ठरलं नाही तर मसुदा व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपवर जातो आणि पुण्याचे मामा व अमेरिकेतली चुलत बहीण विशेषणं वाढवत बसतात. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात होते, त्यामुळे पानं ४८, ६४ किंवा ८० धरून चला. वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी छापखान्यात मजकूर गेला नाही तर धावपळ तुमची होते. जुने फोटो मोबाइलनं टिपून चालत नाही, ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, आणि फोटोच्या मागे काय लिहिलंय तेही स्कॅन करा. फोटोतल्या माणसांची नावं काकूंकडून लिहून घ्यायची असतील तर पहिल्याच भेटीत घ्या. पुढच्या भेटीपर्यंत नजर किंवा आठवण साथ देईल याची खात्री नसते.

ध्वनिमुद्रणं पेनड्राइव्हवर घालून घरच्यांना द्या, पण ज्यानं जे 'हे छापू नका' म्हणून सांगितलं तेवढं त्यातून काढून. जॉबर मामांनी मालकाच्या रागाबद्दल सांगितलेलं मुलांच्या हाती जायला नको असेल तर ते तुमच्याकडेही ठेवू नका. आणि छापलेल्या प्रतींपैकी दोन गावच्या वाचनालयाला द्यायच्या, हे पहिल्या कागदातच लिहून घ्या. समारंभानंतर उरलेल्या प्रती कपाटात जातात, आणि मग मागायला गेलं की कपाटाची किल्ली थोरल्या सुनेकडे असते.