'गेमिफिकेशन जास्त झालंय' म्हणण्याआधी या चुका टाळा

ॲपच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हे जरा जास्तच गेमिफाय झालंय." म्हणजे गुण, बॅज (बिल्ले), जल्लोष अशा खेळातल्या गोष्टी ॲपमध्ये फार झाल्यात. सगळे मान हलवतात. मग कुणीतरी सातपैकी चार बॅज काढून टाकतं, स्क्रीनवर उडणारे रंगीत कागदाचे तुकडे, म्हणजे कॉन्फेटी, थोडी कमी करतं, आणि तीन महिन्यांनी तेच वाक्य त्याच खोलीत पुन्हा ऐकू येतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता माझं मत पक्कं झालंय : गोंधळाची सुरुवात त्या वाक्यापासूनच होते. दुखण्याला नेमकं नाव दिलेलं नसलं की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते. म्हणून आधी शब्दांबद्दल.

सगळ्या दुखण्यांना एकच नाव देऊ नका

'गेमिफिकेशन' हा शब्द ब्रिटिश प्रोग्रॅमर निक पेलिंग यांनी २००२ च्या सुमारास घडवला असं मानलं जातं. तो सगळ्यांच्या तोंडी आला तो २०१० नंतर. २०११ मध्ये सेबॅस्टियन डेटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली व्याख्या आजही सर्रास वापरतात : खेळ नसलेल्या ठिकाणी खेळाच्या रचनेतले घटक वापरणं. या व्याख्येत चांगलं-वाईट असं काही नाही. वाईट कधी होतं, कसं होतं, हे सांगायला वेगळे शब्द लागतात, आणि तसे शब्द आहेत.

गेम डिझायनर मार्गारेट रॉबर्टसन यांनी २०१० मध्ये 'पॉइंट्सिफिकेशन' असा शब्द मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं : खेळात गुण असतात, पण गुण म्हणजे खेळ नव्हे. खेळ रंगतो तो निवड करावी लागते म्हणून, आणि हरण्याची शक्यता असते म्हणून. गुण फक्त हिशेब ठेवतात. आपण ॲपमध्ये नेमका तो हिशेब उचलून आणतो, आणि ज्याचा हिशेब ठेवायचा ती रंगत तिथेच राहते. मराठीत मी याला 'गुणबाजी' म्हणते आणि सगळा भर बॅजवर असेल तर 'बिल्लेबाजी'. घोषणा करण्यात गैर काही नाही, घोषणाबाजीत आहे. भाषणाचं आणि भाषणबाजीचंही तेच. '-बाजी' लागली की मराठी कानाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, गेम डिझायनर आणि अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी जास्त कडक शब्द सुचवला : 'एक्सप्लॉइटेशनवेअर'. त्यांचा रोख शोषणावर होता. माणसाकडून खरं काम, खरा वेळ, खरी निष्ठा घ्यायची आणि बदल्यात खोटा मोबदला टेकवायचा. आणि तिसरा शब्द म्हणजे डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये रूढ केलेला 'डार्क पॅटर्न'. तो फसवणुकीबद्दल आहे : खातं बंद करायचं बटण लपवणं, नको ते आधीच टिक करून ठेवणं. गुणबाजीत अशी फसवणूक असेलच असं नाही. पुष्कळदा ती अगदी चांगल्या हेतूने केलेली असते.

तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गुणबाजी असेल तर गुण ज्या कामाला चिकटवलेत त्या कामाकडे परत जावं लागतं. शोषण असेल तर स्क्रीन बदलून काही होत नाही, धंद्याचं उद्दिष्टच टेबलावर घ्यावं लागतं. फसवणूक असेल तर ती थांबवायची, तिथे चर्चेचा प्रश्नच नाही. 'जास्त झालंय' या एका वाक्यात हे तिन्ही बुडून जातात. 'अति तेथे माती' ही म्हण खरी असली तरी इथे ती दिशाभूल करते, कारण तिच्यामुळे सगळा प्रश्न प्रमाणाचा वाटायला लागतो. मी पाहिलेल्या सर्वांत वाईट उदाहरणात बॅज एकही नव्हता. फक्त एक आकडा होता.

स्ट्रीक म्हणजे सवय असं समजू नका

तो आकडा आम्हीच ठेवला होता. औषधाच्या वेळेची आठवण करून देणाऱ्या एका ॲपवर मी काम करत होते. गोळी घेतली की 'घेतली' हे बटण दाबायचं, सलग किती दिवस न चुकता घेतली (यालाच स्ट्रीक म्हणतात) ते वर मोठ्या अक्षरात दिसायचं, आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. वापर वाढला आणि आम्हाला फार आनंद झाला. मग लोकांना प्रत्यक्ष भेटायला सुरुवात केली. एका आजींच्या नोंदींमध्ये रात्रीची गोळी बरेचदा ११ वाजून ५० मिनिटांच्या पुढे 'घेतली' दिसत होती. गोळीची वेळ होती ८ ची.

मी विचारलं, "आजी, इतक्या उशिरा?"

"अगं, आठला विसरले. मग बारा वाजायच्या आत बटण दाबून टाकलं. ३३ दिवस झाले होते ना सलग."

"आणि गोळी?"

"ती नाही घेतली. झोपताना घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय."

आजी डॉक्टरांचं ऐकत होत्या आणि आमच्या आकड्याचंही ऐकत होत्या. दोन्ही सांभाळायचं तर नोंद खोटी करण्यावाचून आम्ही त्यांना दुसरी वाटच ठेवली नव्हती. आणि तीच नोंद त्यांची मुलगी दुसऱ्या फोनवर पाहून निर्धास्त होत होती. ही गोष्ट मला अजून छळते.

स्ट्रीकचा स्वभावच असा आहे. पहिले काही दिवस ती कामाकडे ढकलते. पुढे ती स्वतःच एक ठेव होऊन बसते आणि माणूस कामाऐवजी ती ठेव राखायला लागतो. प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या साइटने मे २०१६ मध्ये प्रोफाइलवरचे सलग दिवसांचे आकडे काढून टाकले, कुठल्या दिवशी किती काम केलं ते दाखवणारा हिरव्या चौकोनांचा तक्ता तेवढा ठेवला. त्या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पुढे संशोधकांनी ताडून पाहिल्या. लांबच लांब स्ट्रीक कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम घटलं, आणि ज्या दिवशी जेमतेम एकच योगदान नोंदलं गेलं असे दिवसही कमी झाले. म्हणजे त्यातलं काही काम आकडा जिवंत ठेवण्यासाठीच होत होतं.

दुरुस्ती काय? सलग दिवसांऐवजी 'गेल्या ३० पैकी २७ दिवस' असं दाखवा. एक दिवस चुकला तर २७ चा २६ होतो, शून्य होत नाही, आणि खोटं बोलायची गरज बरीचशी संपते. 'नाही घेतली' किंवा 'आज केलं नाही' हे बटण 'केलं' या बटणाच्या शेजारी, त्याच आकाराचं ठेवा, लाल रंग नको. रात्री साडेअकराचं 'तुमची स्ट्रीक तुटणार!' हे नोटिफिकेशन बंद करा. काही ॲप्स स्ट्रीक 'गोठवण्याची' सोय देतात. ती बरी आहे, पण ती सोय पैसे घेऊन विकायला लागलात तर तुम्ही गुणबाजीतून उठून थेट शोषणाच्या घरात गेलात हे लक्षात घ्या.

जे मोजायला सोपं त्याला गुण देऊ नका

गुण ज्याला देता तेच वाढतं, तुम्हाला जे हवं होतं ते नव्हे. हॅक्टोबरफेस्टमध्ये हे उघड्यावर घडलं. ऑक्टोबर महिन्यात मुक्त स्रोत प्रकल्पांना (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो) ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले बदल सुचवणारे प्रस्ताव, पाठवल्या की टी-शर्ट, अशी ती योजना. २०२० मध्ये प्रकल्प सांभाळणाऱ्यांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पूर आला : प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडायचं आणि पाठवून द्यायचं. फुकट वेळ देऊन प्रकल्प चालवणारी माणसं तो कचरा उपसत बसली. त्याच महिन्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून 'आम्ही सहभागी आहोत' असं सांगितलं असेल त्यांच्यातलंच योगदान मोजायचं ठरलं. दुरुस्ती कुठे झाली ते बघा. बक्षीस राहिलं, फक्त ज्याच्या दारात काम येऊन पडणार त्याची परवानगी मध्ये आली. कुठलीही गुणपद्धत आखताना मी आता हाच प्रश्न आधी विचारते : या गुणांची किंमत वापरणाऱ्याशिवाय आणखी कोण मोजणार आहे?

ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीमला 'बंद केलेल्या तिकिटांवर' (तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद) गुण दिले की एका तक्रारीची तीन तिकिटं होतात. शिकण्याच्या ॲपमध्ये वेळेवर गुण दिले की लोक सोपे धडे पुन्हा पुन्हा करतात. हे करणाऱ्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण लिहिलेला नियम ती प्रामाणिकपणे पाळत असतात.

बक्षीस आधी जाहीर करायचं की नाही, यालाही महत्त्व आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली होती. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता, अचानक दिलं त्यांच्यात ही घट दिसली नाही. ज्या कामाची माणसाला आधीच गोडी आहे तिथे बॅजची पाटी लावताना दहादा विचार करा.

लीडरबोर्ड आणि जल्लोष

लीडरबोर्ड म्हणजे कोण पुढे, कोण मागे ते दाखवणारी क्रमवारी. त्याबद्दल थोडक्यात : वरच्या पाच जणांना तो आवडतो, मधल्यांना तो दिसेनासा होतो, खालच्यांना तो दुखावतो. कामाच्या ठिकाणी तो सक्तीचा असेल तर दुखावण्यावर थांबत नाही. डिस्नेलँडच्या हॉटेलांच्या लाँड्रीत कामगारांचा वेग पडद्यावर नावासकट दाखवला जायचा. तिथल्या कामगारांनी त्याला 'इलेक्ट्रॉनिक चाबूक' असं नाव दिलं होतं, हे २०११ मध्ये वर्तमानपत्रात आलं. स्पर्धा ठेवायचीच असेल तर ती ऐच्छिक ठेवा, गट लहान ठेवा, आणि दर आठवड्याला पाटी कोरी करा. त्याहून बरं म्हणजे माणसाला त्याचाच मागचा महिना दाखवा.

जल्लोषाचं म्हणाल तर, ज्या कृतीत माणसाचं नुकसान होऊ शकतं तिथे कॉन्फेटी उडवू नका. रॉबिनहूड या शेअर व्यवहाराच्या ॲपमध्ये ती उडायची. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियामकांनी गेमिफिकेशनचा मुद्दा घेऊनच कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. मार्च २०२१ मध्ये कंपनीने कॉन्फेटी काढली आणि जानेवारी २०२४ मध्ये ७५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पैसा, औषध, कर्ज, मतदान : इथे 'नोंद झाली' एवढं शांतपणे सांगणं पुरे.

निदान अंदाजाने करू नका

'जास्त वाटतंय' हे मत झालं. लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, उघडा आणि चार गोष्टी बघा.

नोंदींची वेळ मध्यरात्रीच्या आधी गोळा होते आहे का? होत असेल तर स्ट्रीक राखली जातेय. आकडे लक्ष्याच्या बरोबर वर येऊन थांबताहेत का, म्हणजे ५० चं लक्ष्य असेल तर ५० आणि ५१ वर ढीग, पुढे सामसूम? बॅज मिळाल्यानंतरच्या आठवड्यात काम एकदम पडतं का? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या बॅजचा २०१३ मध्ये अभ्यास झाला, त्यात हेच दिसलं होतं : बॅज जवळ आला की धडपड वाढते, मिळाला की ओसरते. आणि चौथी गोष्ट, सर्वांत छोट्या कृतींची संख्या वाढतेय पण सरासरी दर्जा घसरतोय का?

यानंतरही शंका राहिली तर थोड्या वापरकर्त्यांसाठी गुण, बॅज, स्ट्रीक सगळं महिनाभर बंद ठेवून बघा. एका आठवड्यावर निष्कर्ष काढू नका, सवयीचा झटका तेवढा वेळ टिकतो. मूळ काम टिकलं तर गुण हे नुसतं ओझं होतं. काम कोसळलं तर त्याहून कठीण प्रश्न समोर येतो : लोकांना हे काम मुळात हवं होतं का?

एका रात्रीत काढून टाकू नका

निदान झालं की हात शिवशिवतात. पण लोकांनी ते आकडे कमावलेले असतात. फोरस्क्वेअर या ॲपमध्ये आपण कुठे आहोत याची नोंद, म्हणजे चेक-इन, करता यायचं. २०१४ मध्ये कंपनीने हा चेक-इनचा भाग स्वॉर्म नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये नेला. तिथे पूर्वीच्या बॅजना जागा उरली नाही, एखाद्या ठिकाणी सर्वांत जास्त चेक-इन करून तिथलं एकमेव 'मेयर' होण्याची ती गाजलेली चुरसही गेली. जुने वापरकर्ते नाराज झाले, आणि २०१५ मध्ये मेयरपद परत आणावं लागलं. त्यांच्या दृष्टीने तो नुसता बिल्ला नव्हता, मित्रांमधली गंमत होती. बाहेरून गुणबाजी दिसणारी प्रत्येक गोष्ट आतूनही तशीच असते असं नाही, म्हणून काढण्याआधी विचारा.

औषधांच्या ॲपमध्ये आम्ही दोन आठवडे आधी सांगितलं. प्रत्येकाची सर्वांत मोठी स्ट्रीक प्रोफाइलमध्ये तशीच जपून ठेवली, फक्त मुख्य स्क्रीनवरून खाली उतरवली. तिच्या जागी ३० दिवसांचा आकडा आला, आणि शेजारी 'नाही घेतली' हे बटण. पहिल्याच आठवड्यात चुकलेल्या गोळ्यांची संख्या भराभर वर गेली आणि टीममध्ये घबराट पसरली. कुणीतरी जुना आकडा परत लावायचा असंही म्हणालं. आम्ही थांबलो. नोंदी बघितल्या तर निम्म्याहून जास्त चुका रात्री आठच्या गोळीच्या होत्या. तेव्हा आम्ही आठवण करून देण्याची वेळ प्रत्येकाला स्वतःच्या जेवणाशी जोडता येईल अशी सोय केली. आजींनी ती साडेसातवर लावून घेतली.